अॅलन शिअरर: लोक सारखे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शिअररबद्दल काहीही लिहिलं की खाली तेच तेच प्रश्न येतात. कुणी इपीएल, म्हणजे इंग्लंडची टॉप फुटबॉल लीग (इंग्लिश प्रीमियर लीग), आत्ता बघायला लागलंय आणि २६० गोल कुणाचे हे शोधत असतं, कुणाला मँचेस्टर सिटीच्या हॅलंडशी तुलना करायची असते, आणि एखादा हमखास विचारतो की एवढा भारी होता तर ट्रॉफी एकच कशी. म्हणून सगळं एका जागी लिहून टाकलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की तिकडे बोट दाखवलंय.

१. अॅलन शिअरर म्हणजे नक्की कोण? थोडक्यात सांगा.

इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड, जन्म १३ ऑगस्ट १९७०, न्यूकॅसलच्या गॉसफर्थ भागातला. वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. सीनिअर लेव्हलला तीनच क्लबकडून खेळला: साउदॅम्प्टन, ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि न्यूकॅसल युनायटेड. प्रीमियर लीगमधे ४४१ मॅचमधे २६० गोल, हा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही. इंग्लंडकडून ६३ मॅच, ३० गोल, त्यातल्या ३४ मॅचमधे कॅप्टन. २००६ मधे खेळणं थांबवलं. गोल केल्यावर उजवा हात वर करून पळत जायचा, तळवा उघडा, बस. ना नाच ना कोलांटी. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी गल्लीतल्या मॅचमधे तो हात वर केलेला आहे.

२. न्यूकॅसलचा पोरगा मग साउदॅम्प्टनला कसा पोचला? ते तर देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

हो, एक अगदी उत्तरेला आणि एक थेट दक्षिणेच्या किनाऱ्यावर. तो वॉल्सएंड बॉइज क्लबकडून खेळायचा, आणि हा क्लब म्हणजे साधीसुधी गोष्ट नाही, पुढे इंग्लंडकडून खेळलेला पीटर बिअर्डस्ली पण तिथलाच. जॅक हिक्सन नावाचे स्काउट साउदॅम्प्टनसाठी ईशान्य इंग्लंडमधली पोरं शोधायचे, त्यांनी याला हेरलं आणि १९८६ मधे, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, हा घर सोडून साउदॅम्प्टनच्या यूथ टीममधे गेला. हिक्सन आणि त्याचं नातं पुढे आयुष्यभर टिकलं. घरापासून एवढं लांब, त्या वयात, मला वाटतं पुढे तो घरी परत यायला एवढा का आसुसला होता त्याचं थोडं उत्तर इथेच आहे (प्रश्न ६ बघा).

३. पहिल्याच मॅचमधे हॅटट्रिक मारली हे खरं आहे का?

जवळपास खरं. पहिली मॅच नाही, पहिली सुरुवातीपासून खेळलेली मॅच. मार्च १९८८ मधे चेल्सीविरुद्ध सबस्टिट्यूट म्हणून उतरला होता, मग ९ एप्रिल १९८८ ला आर्सेनलविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात आला आणि तीन गोल टाकले, साउदॅम्प्टन ४-२ जिंकलं. वय १७ वर्षं २४० दिवस. इंग्लंडच्या टॉप डिव्हिजनमधे हॅटट्रिक मारणारा सगळ्यात लहान खेळाडू, आणि त्याने कुणाचा रेकॉर्ड मोडला तर इंग्लंडचा जुना स्ट्रायकर जिमी ग्रीव्ह्सचा, जो तीस वर्षं टिकला होता. ग्रीव्ह्सचं नाव लक्षात ठेवा, प्रश्न १३ मधे परत येणार आहे.

पण यावरून लगेच गोलांचा पाऊस पडला असं समजू नका. साउदॅम्प्टनकडून लीगच्या ११८ मॅचमधे त्याचे गोल फक्त २३. तिथे तो बहुतेक वेळ बॉल धरून ठेवायचा, डिफेंडर अंगावर घ्यायचा आणि दुसऱ्यांना जागा करून द्यायचा. आजच्या काळात असा आकडा दाखवला तर लोक म्हणतील हा कसला स्ट्रायकर. तरी १९९२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडकडून पहिली मॅच फ्रान्सशी खेळला, तिथे गोल केला, आणि त्या उन्हाळ्यात त्याच्यासाठी रांग लागली.

४. ब्लॅकबर्न कुठलं एवढं मोठं? ते चॅम्पियन कसे झाले?

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबेल.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव, आपल्याकडे इचलकरंजी म्हणाल तसं. क्लब खूप जुना, पण शेवटचं लीग विजेतेपद १९१४ चं. तिथले जॅक वॉकर स्टीलच्या धंद्यात प्रचंड श्रीमंत झाले आणि त्यांनी लहानपणापासूनच्या आपल्या टीममधे पैसा ओतला. केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं. १९९२ मधे प्लेऑफ (वर जाण्यासाठीच्या निर्णायक मॅच) जिंकून टीम टॉप डिव्हिजनला आली, नेमकी प्रीमियर लीग सुरू होत होती तेव्हा, आणि लगेच ३३ लाख पाउंड देऊन शिअररला घेतलं, जो तेव्हा ब्रिटिश रेकॉर्ड होता. मँचेस्टर युनायटेडला पण तो हवा होता, म्हणजे त्याने त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं ते इथे.

पहिल्या सीझनला २१ मॅचमधे १६ गोल आणि मग डिसेंबरमधे गुडघ्याचं लिगामेंट गेलं, सीझन संपला. परत आल्यावर १९९३-९४ मधे ४० मॅचमधे ३१, ब्लॅकबर्न दुसरे. मग १९९४-९५ मधे नॉर्विचकडून ख्रिस सटन आला, दोघांच्या जोडीला एसएएस (शिअरर अँड सटन) म्हणायला लागले, लीगमधे शिअररचे ३४ आणि सटनचे १५, दोघांचे मिळून ४९.

शेवटचा दिवस होता १४ मे १९९५. ब्लॅकबर्न अॅनफील्डवर, लिव्हरपूलशी, म्हणजे डॅलग्लिश जिथला देव तिथेच. शिअररने पहिला गोल केला, मग लिव्हरपूलने बरोबरी केली आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपच्या फ्री किकवर ब्लॅकबर्न २-१ हरले. पण तिकडे लंडनमधे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध जिंकायचंच होतं आणि ते १-१ वर अडकले. ८९ पॉइंट विरुद्ध ८८. हरूनही चॅम्पियन, ८१ वर्षांनी. त्याच्या पुढच्या सीझनलाही त्याने ३५ मॅचमधे ३१ मारले, म्हणजे सलग तीन सीझन तीसच्या वर, दुसऱ्या महायुद्धानंतर टॉप डिव्हिजनमधे असं करणारा तो पहिला. ब्लॅकबर्नकडून प्रीमियर लीगमधे एकूण १३८ मॅचमधे ११२ गोल, हा रेशो दोनदा वाचा.

५. हेच ते पुण्यातल्या मालकांचं ब्लॅकबर्न का?

हो हेच. पुण्याच्या व्हीएच ग्रुपने, म्हणजे आपल्या चिकनवाल्या व्यंकीजने, नोव्हेंबर २०१० मधे हा क्लब विकत घेतला. जॅक वॉकर २००० मधे वारले होते. शिअररचा आणि या मालकांचा संबंध नाही, तो १९९६ लाच तिथून गेलेला. २०१२ मधे क्लब प्रीमियर लीगमधून खाली गेला आणि अजून परत आलेला नाही, मधे २०१७ मधे तर तिसऱ्या डिव्हिजनला पण गेला होता. पुण्यातल्या बऱ्याच पोरांनी ब्लॅकबर्नचं नाव या खरेदीमुळेच पहिल्यांदा ऐकलं, त्यांना सांगावंसं वाटतं की त्या निळ्या-पांढऱ्या अर्ध्या-अर्ध्या जर्सीत एकेकाळी लीगमधला सगळ्यात घातक स्ट्रायकर खेळायचा.

६. १९९६ मधे मँचेस्टर युनायटेड सोडून न्यूकॅसलला का गेला? चूकच केली ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न कळला तर माणूस कळला.

युरो ९६ (युरोपातल्या देशांची स्पर्धा) नुकती संपली होती, शिअरर तिथला टॉप स्कोअरर (प्रश्न ११), युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांना तो दुसऱ्यांदा हवा होता. युनायटेडने नुकताच डबल मारला होता, म्हणजे लीग आणि एफए कप दोन्ही. न्यूकॅसलने त्याच सीझनला जानेवारीत १२ पॉइंटची आघाडी घेऊन ती घालवली होती आणि युनायटेडच्या मागे दुसरे आले होते. कागदावर बघितलं तर कुणीही युनायटेडच निवडेल.

पण न्यूकॅसलचा मॅनेजर होता केविन कीगन, ज्याचा शिअरर लहानपणी भक्त होता, आणि क्लब होता त्याच्या गावचा. ३० जुलै १९९६ ला दीड कोटी पाउंडमधे सौदा झाला, तेव्हाचा जगातला रेकॉर्ड, म्हणजे जगातला सगळ्यात महागडा फुटबॉलपटू मिलान किंवा बार्सिलोनात नाही तर इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, कोळशाच्या आणि जहाजबांधणीच्या त्या शहरात गेला. सेंट जेम्स पार्कच्या बाहेर पावसाची पर्वा न करता हजारोंनी लोक त्याला बघायला उभे होते. त्याने स्वतःची ओळख त्यांना पत्र्याच्या कामगाराचा मुलगा अशीच करून दिली.

पुढे युनायटेडने काय काय जिंकलं ते सगळ्यांना माहितीये, १९९९ ची ट्रेबल पण त्यातच आली. शिअररने न्यूकॅसलमधे दहा वर्षांत एकही मोठी ट्रॉफी जिंकली नाही. तरी तो कायम सांगत आलाय की पश्चात्ताप नाही, आणि मला ते शंभर टक्के पटतं. ज्या स्टँडमधे लहानपणी उभं राहून मॅच बघितली त्याच स्टँडसमोर नऊ नंबर घालून दोनशेच्या वर गोल करायला मिळणं, हे किती जणांच्या नशिबात येतं? मेडल मोजायची तर मोजा, पण त्याला काय हवं होतं ते त्याने निवडलं आणि दहा वर्षं रोज जगला. ज्यांना ट्रॉफीचा हिशोबच हवाय त्यांनी प्रश्न ९ वाचा.

७. न्यूकॅसलच्या नऊ नंबरचं एवढं काय असतं?

तिथे ती जर्सी वारसाहक्कासारखी मानतात. ह्यूई गॅलाकर, जॅकी मिलबर्न, माल्कम मॅकडॉनल्ड असे सेंटर फॉरवर्ड होऊन गेले, शहरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ही नावं पाठ. शिअरर आला तेव्हा नऊ नंबर लेस फर्डिनांडकडे होता, त्याने तो सोडला आणि दहा घेतला. मिलबर्नचा क्लबसाठी २०० गोलांचा रेकॉर्ड होता आणि ४ फेब्रुवारी २००६ ला पोर्ट्समथविरुद्ध २०१ वा मारून शिअररने तो मोडला. शेवटी २०६ वर थांबला.

८. खेळायचा कसा? व्हिडिओत तर नुसता जोरात मारताना दिसतो.

जोरात मारायचाच, त्यात लपवण्यासारखं काय. पण हायलाइट्समधे दिसत नाही ते म्हणजे बॉल येण्याआधीचं काम, डिफेंडरच्या अंगाला अंग लावून जागा धरणं, पाठीवर माणूस घेऊन बॉल थांबवणं, क्रॉस येणार हे ओळखून अर्धा सेकंद आधी सुटणं. हेडिंग जबरदस्त होतं, उंची सहा फूट म्हणजे फार नाही, पण उडीचं टायमिंग असं की उंच सेंटर बॅक खाली राहायचे. बॉक्सच्या बाहेरून पण मारायचा. १ डिसेंबर २००२ ला एव्हर्टनविरुद्ध लांबून मारलेली व्हॉली शोधून बघा, बॉल खाली पडायच्या आत उजव्या पायाने असा हाणला की गोलकीपरला काही करण्यासारखं उरलंच नाही.

दुखापतींनी त्याचा खेळ बदलला हेही लक्षात घ्या. १९९२ चा गुडघा वर आला आहेच. जुलै १९९७ मधे गुडिसन पार्कवर प्री-सीझनच्या एका मॅचमधे घोटा भयंकर मोडला आणि जानेवारी १९९८ पर्यंत बाहेर होता. त्यानंतर तो ब्लॅकबर्नच्या काळातला वेग कधीच परत आला नाही. जे तरुण लोक म्हणतात तो स्लो होता त्यांनी सहसा दुसऱ्या अर्ध्यातला शिअरर बघितलेला असतो. वेग गेल्यावरही सात-आठ वर्षं त्याच लेव्हलला गोल करत राहणं हे मला त्या ३४ गोलांच्या सीझनपेक्षा अवघड वाटतं.

९. न्यूकॅसलमधे खरंच काहीच जिंकला नाही? मग वर्षं वाया गेली का?

ट्रॉफी नाही, हे खरंय. १९९६-९७ ला लीगमधे दुसरे. १९९८ ची एफए कप फायनल आर्सेनलकडून ०-२ ने हरले, १९९९ ची युनायटेडकडून परत ०-२. सेमीफायनलमधे मात्र दोन्ही वेळा तोच होता, १९९८ ला शेफील्ड युनायटेडविरुद्ध त्याचाच गोल, १९९९ ला टॉटनहॅमविरुद्ध एक्स्ट्रा टाइममधे त्याचेच दोन. २००३-०४ मधे यूएफा कपच्या सेमीफायनलला मार्सेने हरवलं. सर बॉबी रॉबसन यांच्या काळात लीगमधे चौथे, मग तिसरे, मग पाचवे. २००२-०३ च्या चॅम्पियन्स लीगमधे पहिल्या तीनही ग्रुप मॅच हरून पुढे गेले, आणि पुढच्या फेरीत शिअररने लेव्हरकुसेनविरुद्ध हॅटट्रिक आणि सॅन सिरोवर इंटरविरुद्ध दोन गोल मारले.

वाया गेली म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की २० ऑक्टोबर १९९६ ची मॅच बघा, न्यूकॅसल ५, मँचेस्टर युनायटेड ०, आणि चौथा गोल शिअररचा. किंवा फेब्रुवारी १९९७ ची लेस्टरविरुद्धची, १-३ ने मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत एकट्याने तीन मारून ४-३ केलं. असे दिवस त्या शहराने पिढ्यान्पिढ्या सांगायला ठेवलेत.

आणि हो, क्लबचा देशांतर्गत ट्रॉफीचा सत्तर वर्षांचा दुष्काळ शेवटी १६ मार्च २०२५ ला संपला, लीग कप फायनलमधे लिव्हरपूलला २-१ हरवून. शिअरर तेव्हा चोपन्न वर्षांचा, वेम्ब्लीच्या स्टँडमधे, इतर फॅन्ससारखाच.

१०. रूड गुलिटने त्याला बेंचवर बसवलं होतं ते प्रकरण काय?

२५ ऑगस्ट १९९९, घरच्या मैदानावर, समोर संडरलँड, म्हणजे शेजारचा कट्टर वैरी. सीझनची सुरुवात वाईट झालेली, मॅनेजर गुलिट आणि कॅप्टन शिअरर यांचं पटत नव्हतं, आणि अशा मॅचला गुलिटने शिअरर आणि दुसरा स्ट्रायकर डंकन फर्ग्युसन दोघांनाही बाहेर ठेवलं. धो धो पाऊस, न्यूकॅसलने आघाडी घेऊनही २-१ ने हार. तीन दिवसांत गुलिटने राजीनामा दिला.

बरेच जण म्हणतात शिअररने मॅनेजर घालवला. मला नाही पटत, पाच मॅचमधे एक पॉइंट असल्यावर मॅनेजर तसाही अडचणीतच असतो. मजा पुढे आहे. बॉबी रॉबसन आले, स्वतः त्याच भागातले, वय ६६. त्यांनी शिअररला सांगितलं की तू सारखा गोलकडे पाठ करून खेळतोयस, जरा वळ, डिफेंडरच्या मागे पळ. १९ सप्टेंबरला त्यांची घरची पहिली मॅच, लीगमधे तोवर एकही विजय नव्हता, आणि शेफील्ड वेन्सडेला ८-० हाणलं, त्यात पाच एकट्या शिअररचे. एका म्हाताऱ्या मॅनेजरने २९ वर्षांच्या खेळाडूला नवीन आयुष्य दिलं, आणि शिअरर आजही रॉबसन यांच्या नावाच्या कॅन्सर फाउंडेशनसाठी काम करतो.

११. इंग्लंडकडून कसा होता? आणि २९ व्या वर्षीच का सोडलं?

युरो ९६ च्या आधी सलग १२ मॅच इंग्लंडकडून गोल नव्हता, पेपरवाले मागे लागले होते, याला काढा म्हणून. इंग्लंडचा मॅनेजर टेरी वेनेबल्सने आधीच सांगून ठेवलं होतं की काहीही झालं तरी तूच खेळणार. मग स्वित्झर्लंडला एक, स्कॉटलंडला एक, हॉलंडला ४-१ हरवलं त्यात दोन, आणि सेमीफायनलला जर्मनीविरुद्ध तिसऱ्याच मिनिटाला एक. पाच गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त. सेमीफायनल पेनल्टी शूटआउटवर हरले पण शिअररने स्वतःची पेनल्टी घातली होती, स्पेनविरुद्धच्या शूटआउटमधे पण. त्या वर्षी बॅलन डोर या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारात तो तिसरा आला.

१९९८ च्या वर्ल्ड कपला कॅप्टन होता, ट्युनिशियाविरुद्ध हेडर, अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टी. बेकहॅमच्या रेड कार्डमुळे ती मॅच सगळ्यांना आठवते, पण दहा जणांनी खेळताना सोल कॅम्पबेलने गोल घातला होता आणि रेफरीने तो शिअररच्या फाउलमुळे नाकारला हे लोक विसरतात.

युरो २००० नंतर इंग्लंड सोडणार हे त्याने आधीच, फेब्रुवारीत जाहीर केलं होतं. शरीर दोन्हीकडे पुरणार नाही, मग जे उरलंय ते न्यूकॅसलला द्यायचं, आणि घरच्यांना वेळ. त्या स्पर्धेत बेल्जियममधल्या शार्लरवा शहरात जर्मनीविरुद्ध १-० मधला एकमेव गोल त्याचाच. शेवटची मॅच रुमानियाशी, तिथेही पेनल्टीवर गोल केला, पण ३-२ हरून इंग्लंड बाहेर.

१२. शेवटची मॅच कुठली? काहीजण संडरलँड म्हणतात, काहीजण सेल्टिक.

दोन्ही बरोबर. शेवटची अधिकृत मॅच १७ एप्रिल २००६, संडरलँडच्या मैदानावर. न्यूकॅसल एक गोलने मागे होतं, मग मायकल चोप्राने बरोबरी केली (हो, वडील भारतीय, न्यूकॅसलमधेच वाढलेला, हाच पुढे २०१४ मधे आयएसएलच्या पहिल्या सीझनला सचिनच्या केरला ब्लास्टर्सकडून खेळला). लगेच पेनल्टी मिळाली आणि ती शिअररने घातली, तोच २०६ वा आणि शेवटचा. मॅच ४-१ जिंकले पण थोड्या वेळाने गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि सीझनच्या उरलेल्या तीन मॅच राहिल्याच.

११ मे ला सेल्टिकशी झाली ती निरोपाची मॅच, पैसे दानधर्माला. दुखापतीमुळे खेळता येत नव्हतं, म्हणून किक-ऑफ करून बाहेर आला, आणि शेवटी पेनल्टीपुरता परत उतरला, ती घातली आणि ३-२ झालं.

१३. २६० चा रेकॉर्ड मोडला जाईल का? आणि तो इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल करणारा आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. २६० हा प्रीमियर लीगचा रेकॉर्ड, आणि प्रीमियर लीग सुरू झाली १९९२ ला. टॉप डिव्हिजन त्याच्या आधी शंभर वर्षं चालू होतीच. साउदॅम्प्टनचे २३ धरले तर शिअररचे टॉप डिव्हिजनमधले गोल २८३ होतात, आणि जिमी ग्रीव्ह्सचे आहेत ३५७. ग्रीव्ह्सला विसरून २६० ला सर्वकालीन म्हणणं हे मला अजिबात आवडत नाही, शिअररचा कितीही फॅन असलो तरी.

आता मोडेल का. हॅरी केन सगळ्यात जवळ आला होता, २१३ वर, पण ऑगस्ट २०२३ मधे जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला गेला. परत आला तर त्याला ४८ लागतील. हॅलंडचा वेग भन्नाट आहे, पण मुद्दा वेगाचा नाही, त्याच लीगमधे किती वर्षं टिकणार याचा आहे. शिअररने पहिले शंभर १२४ मॅचमधे केले होते आणि तरी २६० ला पोचायला चौदा सीझन लागले.

१४. सगळे पेनल्टीचेच गोल आहेत म्हणे?

२६० पैकी ५६ पेनल्टी, लीगमधे सगळ्यात जास्त. ते काढले तरी २०४ उरतात, पुढे बोलायची गरज नाही. ११ पेनल्टी चुकवल्या पण आहेत, त्यातली एक नोव्हेंबर २००० मधे संडरलँडविरुद्ध घरच्या मैदानावर त्यांचा गोलकीपर सोरेनसनने अडवली आणि मॅच गेली, न्यूकॅसलवाल्यांना ती अजून सलते.

१५. मॅनेजर म्हणून फेल गेला का?

आठ मॅच, एवढंच. १ एप्रिल २००९ ला टीम बुडत असताना बोलावलं, आठ शिल्लक. मिडल्सब्रोविरुद्ध एक विजय, दोन ड्रॉ, पाच हार. शेवटच्या दिवशी अॅस्टन व्हिलाकडे डेमियन डफच्या अंगाला लागून आत गेलेल्या गोलवर १-० हरले आणि खाली गेले. नंतर त्याला कायम ठेवलं नाही आणि त्यानेही परत कुठे मॅनेजरकी केली नाही. बुडती नाव होती हे त्याला माहिती होतं, तरी गावच्या टीमने हाक मारली म्हणून गेला. आठ मॅचवरून मॅनेजर चांगला की वाईट हे ठरवणं चुकीचं आहे.

१६. आता काय करतो?

२००६ पासून बीबीसीच्या मॅच ऑफ द डे या फुटबॉलच्या कार्यक्रमात असतो. सुरुवातीला खूप सावध बोलायचा, आता मोकळा झालाय. त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे २०१७ ची बीबीसीची डॉक्युमेंटरी, फुटबॉलपटूंना होणाऱ्या डिमेन्शियावर. वेस्ट ब्रॉमविचचा जेफ अॅस्टल २००२ मधे गेला तेव्हा चौकशीत निष्कर्ष निघाला की सारखं हेडिंग केल्यामुळे मेंदूला इजा झाली. शिअररने स्वतः हजारो वेळा बॉल डोक्याने मारलेला, त्याने स्वतःच्या मेंदूच्या तपासण्या करून घेतल्या आणि अवघड प्रश्न विचारले. ज्याचं अर्धं करिअर हेडरवर उभं त्याने हे करणं याला हिंमत लागते.

शिवाय न्यूकॅसलमधे अपंग मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्याच्या नावाचं अॅक्टिव्हिटी सेंटर आहे, त्याचं फाउंडेशन त्यासाठी पैसे उभे करतं. २००१ मधे ओबीई, २०१६ मधे सीबीई हे ब्रिटिश शाही सन्मान मिळाले, त्याच वर्षी स्टेडियमबाहेर पुतळा. सर मात्र नाही, बरेच जण सर अॅलन लिहितात ते चुकीचं. २०२१ मधे प्रीमियर लीगच्या हॉल ऑफ फेममधे पहिली दोन नावं गेली ती थिएरी ऑन्री आणि हा.

१७. न्यूकॅसलचे गोल कुठे २०६ लिहितात, कुठे १४८. खरा आकडा कुठला?

दोन्ही खरे. १४८ फक्त प्रीमियर लीगचे, २०६ सगळ्या स्पर्धांचे, एफए कप, लीग कप, युरोप धरून. मिलबर्नशी तुलना करताना २०० विरुद्ध २०६ हेच घ्यायचं. ब्लॅकबर्नचे ११२ आणि हे १४८ मिळवले की २६०.

१८. तो स्वच्छ खेळाडू होता का? रेड कार्ड किती?

कोपर चालायचं, हे मान्य. एप्रिल १९९८ मधे लेस्टरच्या नील लेननच्या डोक्याला पाय लागला, त्यावर एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, आरोप ठेवला, सुनावणीत तो निर्दोष सुटला. व्हिडिओ बघून प्रत्येकाने आपलं मत बनवावं, मला तो पाय बघवत नाही.

रेड कार्डचं उत्तर विचारणाऱ्यावर अवलंबून आहे. मैदानावर त्याला न्यूकॅसलकडून खेळताना दोनदा बाहेर काढलं. पहिलं ऑगस्ट १९९९ ला, सीझनच्या पहिल्याच दिवशी अॅस्टन व्हिलाविरुद्ध. दुसरं डिसेंबर २००१ ला चार्लटनविरुद्ध, पण ते नंतर रद्द झालं. म्हणून क्विझमधे हा प्रश्न आला तर आधी विचारून घ्या की रद्द झालेलं मोजायचं की नाही.